ओव्याचं फूल : डब्यातला ओवा आणि बाटलीतला अर्क



आपल्या सोनपेठ भागात पोटदुखीवरचा पहिला डॉक्टर म्हणजे स्वयंपाकघरातला ओव्याचा डबा. पोट फुगलं, ओवा खा. ढेकर अडली, ओवा-मीठ चाव. बाळ रडतंय, ओव्याचा शेक दे. दवाखान्यात आलेल्या माणसाला "घरी काही घेतलं का?" असं विचारलं, की "काही नाही साहेब" हे उत्तर आधी येतं आणि मग हळूच, "तसा ओवा खाल्लाय." ओव्याला कुणी औषधात मोजतच नाही.

मी मात्र ओव्याला औषधातच मोजतो, कारण त्याच्यात एक खरंखुरं औषधी रसायन आहे. त्याचं नाव थायमॉल. किराणा दुकानात किंवा काष्टौषधींच्या दुकानात ते पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळतं आणि तिथे त्याला ओवाफूल, ओव्याचं फूल किंवा सत ओवा म्हणतात. डब्यातला ओवा आणि पुडीतलं ओवाफूल ही एकाच घरातली दोन माणसं. वास एक, गुण एक. पण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. हा फरक ठाऊक नसल्यामुळे काय होतं, ते मी या गावात बसून पाहतो. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

ओव्यात असतं तरी काय?

आपण ज्याला ओव्याचं बी म्हणतो, ते खरं तर एक बारीकसं फळ आहे. कोथिंबीर, जिरं, बडीशेप, बाळंतशोपा ही सगळी याच कुळातली. या फळाच्या सालीत सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत तेल भरलेलं असतं. म्हणून अख्खा ओवा हुंगला तर वास बेताचा येतो, पण तळहातावर चोळला की घमघमाट सुटतो. नळ्या फुटल्या, तेल बाहेर आलं.

ओव्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असतं. या तेलाचा ढोबळमानाने निम्मा भाग थायमॉलचा. बाकीच्यात पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन अशी इतर सुगंधी द्रव्यं.

आता थायमॉलची थोडी ओळख. शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्यांना बेंझिनचं सहा कार्बनचं कडं आठवत असेल. त्या कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लावली की झालं फिनॉल, म्हणजेच कार्बोलिक अ‍ॅसिड. जोसेफ लिस्टर या इंग्रज सर्जनने १८६७ साली जखमा पिकू नयेत म्हणून जे वापरायची पद्धत जगापुढे मांडली, ते हेच. या फिनॉलच्या कड्याला आणखी दोन कार्बनी शेपट्या जोडा, एक छोटी (मिथाइल) आणि एक जरा मोठी (आयसोप्रोपिल). थायमॉल तयार. एका रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १.

या दोन शेपट्यांमुळे स्वभाव बराच बदलतो. थायमॉल पाण्यात फारसं विरघळत नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम १ ग्रॅम. तेलात, तुपात, दारूत मात्र सहज विरघळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिच्यावरच सगळं अवलंबून आहे. जंतूंच्या पेशीचं आवरण स्निग्ध असतं. थायमॉल त्यात शिरतं, आवरण गळकं होतं आणि जंतू मरतो. म्हणूनच जंतू मारण्यात ते साध्या फिनॉलपेक्षा कितीतरी पटींनी जोरकस आहे.

शुद्ध थायमॉलचे स्फटिक साधारण ५० अंश सेल्सिअसला वितळतात. परभणीचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. सावलीत ते टिकतं, पण पत्र्याच्या खोलीत, पत्र्याला लागून ठेवलेल्या फडताळात पुडी चिकट झालेली दिसली तर घाबरू नका. ते खराब झालेलं नसतं, वितळलेलं असतं.

ओवाफूल तयार कसं होतं?

पद्धत सोपी आणि जुनी आहे. ओवा भरडून त्यातून पाण्याची वाफ सोडतात. थायमॉल स्वतः उकळायला २३२ अंश लागतात, पण पाण्याच्या वाफेबरोबर ते त्याहून कितीतरी कमी तापमानाला उडून येतं. वाफ थंड केली की पाण्यावर तेल तरंगतं. हे तेल थंड ठेवलं तर काही थायमॉल आपोआप स्फटिक होऊन खाली बसतं. उरलेल्या तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून हलवतात. थायमॉल फिनॉलच्या घरातलं, म्हणजे किंचित आम्लधर्मी. ते सोड्याशी जोडी जमवून पाण्यात उतरतं आणि बाकीचं तेल वर राहतं. तेल बाजूला काढून पाण्यात आम्ल घातलं, की थायमॉल पुन्हा मोकळं होतं.

यात घरच्यासाठी एक धडा आहे. ओव्याचं पाणी उकळताना झाकण उघडं ठेवलं, तर वास घरभर पसरतो आणि आपल्याला वाटतं, काय कडक काढा झालाय! प्रत्यक्षात वासाबरोबर औषधच उडून जात असतं. झाकण ठेवा, पाणी उकळलं की गॅस बंद करा आणि भांडं तसंच झाकून मुरू द्या.

आज जगात वापरलं जाणारं पुष्कळसं थायमॉल ओव्यापासून बनत नाही. कारखान्यात मेटा-क्रेसॉल आणि प्रोपिलीन वायू यांच्यापासून ते बनवतात. रेणू तोच, त्यामुळे गुणही तेच. "नैसर्गिक आहे म्हणून सुरक्षित" हे जे आपण ऐकतो, त्याला इथे काही अर्थ उरत नाही. शेतातून आलेला थायमॉलचा रेणू आणि कारखान्यातला रेणू शरीराला वेगळा ओळखता येत नाही.

आणखी कुठे भेटतं?

युरोपात थाइम नावाची एक झुडूपवजा वनस्पती आहे. तिच्या तेलातून कास्पार नॉयमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने १७१९ साली हे स्फटिक पहिल्यांदा वेगळे केले. थायमॉल हे नाव त्या थाइमवरूनच पडलं. पण भरपूर थायमॉल हवं असेल तर ओव्यासारखं पीक नाही. पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडचा ओवा जहाजांतून जर्मनीला जायचा, तिथे त्याचं थायमॉल निघायचं आणि औषध म्हणून जगभर विकलं जायचं. १९१४ साली युद्ध पेटलं, हा माल अडला, आणि मग हिंदुस्थानातच ओव्यापासून थायमॉल काढण्याची धडपड सुरू झाली. आपल्या आज्या ज्या ओव्याची पुरचुंडी पदराला बांधत, त्याच ओव्याला तेव्हा जगाच्या बाजारात असा भाव होता.

अंगणातल्या कुंडीतला पानओवा, ज्याच्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो, तो मात्र ओव्याच्या कुळातला नाही. तो तुळशीच्या कुळातला. तरी वास तोच कसा? त्याच्या पानांत थायमॉल असतं आणि त्याचं जुळं भावंड कार्व्हॅक्रॉलही असतं. कार्व्हॅक्रॉलमध्ये अणू तेवढेच, शेपट्याही त्याच, फक्त दोघींनी जागा बदललेल्या. तेवढ्या अदलाबदलीने ते घरातल्या तापमानाला स्फटिक न राहता द्रव होतं.

दवाखान्यातही थायमॉलचा वावर जुना आहे. माउथवॉशच्या अनेक बाटल्यांवर घटकांमध्ये त्याचं नाव सापडेल. लिस्टरीन १८७९ साली अमेरिकेत तयार झालं, नाव लिस्टरवरून घेतलं आणि आजही त्यात थायमॉल आहे. प्रमाण मात्र फक्त ०.०६४ टक्के. भूल देण्याच्या हॅलोथेन या औषधात ते टिकावं म्हणून ०.०१ टक्का थायमॉल घालत असत. मधमाश्या पाळणारे पेट्यांतल्या माइट किडीवर ते वापरतात. जुन्या कागदांवरची बुरशी मारायला दफ्तरखान्यांत त्याची धुरी देत. एवढी कामं करणारा पदार्थ "काही नाही साहेब" या सदरात बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पोटात गेल्यावर काय करतं?

ओवा चावला की आधी जीभ चुरचुरते, मग छातीत-पोटात ऊब वाटते. "ओवा गरम असतो" असं आपण म्हणतो. थर्मामीटर लावला तर पोटाचं तापमान काही वाढलेलं नसतं. आपल्या त्वचेत आणि तोंडात ऊब ओळखणारे संवेदक असतात. थाइम-ओव्याच्या वासाची ही द्रव्यं त्यांतल्या एका संवेदकाला थेट चालू करतात, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे घंटा वाजते, पण दाराशी कुणी नसतं. मेंदूला निरोप मिळतो : ऊब आली.

दुसरं काम आतड्याच्या स्नायूंवर. प्राण्यांच्या आतड्यांवर प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांत थायमॉलने हे स्नायू सैल पडतात. पेटका सुटतो, अडलेला वारा सरतो, माणूस "हुश्श" करतो. शिवाय तिखट चवीने लाळ आणि पाचक रस सुटतात. माणसांवरचे मोठे, काटेकोर अभ्यास फार नाहीत. पण साध्या वातावर आणि अजीर्णावर ओव्याने बरं वाटतं हा घरोघरचा अनुभव रसायनशास्त्राच्या विरोधात जात नाही. म्हणून मी कधी कुणाला "ओवा खाऊ नका" असं सांगत नाही.

आता मात्रेचा हिशोब करू. एक चहाचा चमचा ओवा म्हणजे साधारण २ ग्रॅम. त्यात तेल ४० ते ८० मिलिग्रॅम. त्यातलं थायमॉल २० ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि चावताना तेही सगळं सुटत नाही. तोच चमचा ओवाफुलाच्या स्फटिकांनी भरला तर थायमॉल काही ग्रॅम! म्हणजे शंभर पटींचा मामला. ओवा ही ओंजळीतली गोष्ट आहे आणि ओवाफूल ही सुईच्या टोकावरची.

एके काळचं जंतांचं औषध

ग्रॅमच्या मात्रेत थायमॉल माणसांना दिलं गेलंय, आणि तो इतिहास माहीत असावा असा आहे.

अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या पायातून हूकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, शरीरात शिरतो. आतड्याला चिकटून तो रक्त पितो आणि माणूस पांढराफटक पडत जातो. १८८० च्या सुमारास इटलीतल्या डॉक्टरांनी त्यावर थायमॉल द्यायला सुरुवात केली. पुढे १९०९ साली अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलर यांच्या देणगीतून हूकवर्मविरोधी मोठी मोहीम निघाली. तिचं मुख्य शस्त्र थायमॉल होतं.

मोठ्या माणसाला २ ते ४ ग्रॅमपर्यंत मात्रा. आदल्या दिवशी लंघन आणि जुलाबाचं मीठ, सकाळी थायमॉल विभागून, मग पुन्हा जुलाबाचं मीठ, म्हणजे मेलेले जंत आणि उरलेलं औषध दोन्ही बाहेर. आणि एक सक्त ताकीद : त्या दिवशी तेल, तूप, दारू बंद. का, ते आता तुम्हीच सांगाल. थायमॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते आतड्यात राहून जंत मारतं. स्निग्ध पदार्थ किंवा दारू मिळाली की ते विरघळतं, रक्तात जातं आणि जंतांऐवजी माणसालाच विष होतं. चक्कर, उलट्या, ग्लानी, मंदावलेलं हृदय. या उपचारात काही रुग्ण दगावलेही. पुढे बरी औषधं आली आणि थायमॉल मागे पडलं.

आज त्या जागी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आहे, चघळून खायची. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी ती शाळेत आणि अंगणवाडीत फुकट देतात. तरी अजूनही "जंत झालेत, ओवाफूल गुळात घालून दे" असा सल्ला ऐकू येतो. कृपया तो पाळू नका. ज्या औषधासाठी पूर्वी डॉक्टर उपास घडवून, पथ्य लावून, समोर बसवून मात्रा देत, ते आपण लेकराला अंदाजाने का द्यायचं? शाळेतली गोळी चुकवू नका, आणि शेतात पायात काहीतरी घाला. निम्मा इलाज तिथेच होतो.

तीन फुलांचं पाणी

ओवाफूल, पुदिनाफूल म्हणजे मेंथॉल, आणि कापूर. तिन्ही घन. तिन्ही एका बाटलीत घालून हलवले की काही वेळात पाणी होतं. वरून पाण्याचा थेंबही घालावा लागत नाही. लहानपणी मला ही जादूच वाटायची. कारण असं, की स्फटिक म्हणजे एकसारख्या रेणूंची शिस्तीत लागलेली रांग. तीन वेगळ्या आकारांचे रेणू एकमेकांत घुसले की रांग लागतच नाही, आणि एकेकटे ज्या तापमानाला घन राहिले असते, तिथे एकत्र मात्र द्रव होतात. हे मिश्रण घरोघर अमृतधारा या नावाने ओळखतात. काही जण विकत आणतात, काही जण घरीच करतात.

मोठ्या माणसाने डोकं दुखताना कपाळाला एखादा थेंब चोळला, तर मला आक्षेप नाही. माझी चिंता लहान मुलांची आहे.

या मिश्रणातला सर्वांत धोकादायक गडी ओवाफूल नव्हे, कापूर. लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. १ ग्रॅम कापूरसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो, आणि घरी केलेल्या मिश्रणाच्या जेमतेम एका छोट्या चमच्यात तेवढा भरू शकतो. माझ्याकडे एकदा साधारण दीड वर्षाची मुलगी आणली होती. पोट दुखतंय म्हणून घरच्यांनी साखरेवर दोन थेंब टाकून दिले होते, आणि बाटली खाटेवरच राहिली होती. मुलीने ती तोंडाला लावली. दवाखान्यात आली तेव्हा हातपाय आखडलेले, डोळे वर, तोंडाला कापराचा वास. झटका थांबवायचं औषध देऊन, ऑक्सिजन लावून तिला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. ती वाचली. आई सारखी एकच म्हणत होती, "घरचंच तर होतं, डॉक्टर." त्या माउलीचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं, एवढंच.

दुसरी गोष्ट. सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाच्या नाकाशी अमृतधारा, कापूर किंवा मेंथॉलचं मलम लावू नका. मेंथॉलच्या तीव्र वासाने तान्ह्या बाळाचा श्वास क्षणभर आवळू किंवा थांबू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाला यांतलं काहीच नको. नाकालाही नको आणि छातीलाही नको.

आणि चुकून पोटात गेलंच तर? बोटं घालून ओकारी काढू नका, कारण त्याच वेळी झटका आला तर उलटी श्वासनळीत जाते. उतारा म्हणून तूप, तेल पाजू नका. का ते वर सांगितलंय. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा, आणि बाटली सोबत घ्या.

बाळंतिणीची खोली

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला ओव्याची धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा टाकायचा, खोली बंद करायची. वास छान येतो. पण ओव्याबरोबर कोळशाचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू त्या बंद खोलीत साठतो. आठ-दहा दिवसांच्या फुफ्फुसांना हे झेपत नाही. बाळंतिणीने जेवणानंतर ओवा, बडीशेप, खोबरं चावलं तर चांगलंच आहे. ऊब हवी तर अंगभर कपडे, टोपडं आणि आईची कूस. यासारखी शेगडी नाही. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची असेल तर मोठ्यांनी स्वतःला शेकावं. बाळाची कातडी पातळ असते आणि त्याला "भाजतंय" असं सांगता येत नाही.

'गॅस' समजून काढलेली रात्र

आता सर्वांत महत्त्वाचं, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो.

ओव्याचा मोठा गुण हाच, की त्याने लवकर बरं वाटतं. आणि त्याचा मोठा धोकाही हाच आहे. ऊब वाटते, ढेकर येते, दुखणं जरा मागे सरतं. दुखण्याचं कारण मात्र आत तसंच असू शकतं.

ऊसतोडीच्या हंगामातली गोष्ट. पन्नाशीचे एक शेतकरी सकाळी मुलाच्या मोटरसायकलवर बसून आले. रात्री जेवणानंतर छातीच्या खाली, बेंबीच्या वर आवळल्यासारखं झालं. बायकोने ओवा-मीठ दिलं, ढेकर आली, जरा बरं वाटलं. दोन तासांनी पुन्हा तेच. पुन्हा ओवा. मग ओव्याचं पाणी. पहाटे दरदरून घाम सुटला, तेव्हा मुलगा उठला. मी ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आलेला होता. हा भाग पोटाच्या पडद्याला लागून असल्यामुळे त्याचं दुखणं पोटातच जाणवतं आणि माणूस त्याला गॅस म्हणतो. लगेच अँब्युलन्सने पुढे पाठवलं. जगले. पण हृदयाचा जो भाग रात्रभर रक्तावाचून राहिला, तो काही परत आला नाही. आता चार पायऱ्या चढल्या की त्यांना दम लागतो आणि ऊस मुलगा बघतो.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळालं, तर हृदय बरंच वाचतं. सोनपेठहून परभणी किंवा अंबाजोगाईचं मोठं रुग्णालय गाठायला वाटेतच तासाहून जास्त जातो. शहरातल्या माणसाला थांबून बघण्याइतका वेळ असेल कदाचित; आपल्याकडे तो रस्त्यातच संपतो. म्हणून आपल्यासाठी ओव्याचा नियम शहरापेक्षा कडक असायला हवा.

माझा नियम साधा आहे : ओवा एकदाच. एकदा खाल्ला, अर्ध्या तासात दुखणं पूर्ण गेलं आणि परत आलं नाही, तर विषय संपला. परत आलं, तर दुसऱ्यांदा डबा उघडायचा नाही, दवाखाना गाठायचा.

आणि पुढची लक्षणं असतील तर एकदाही ओव्याची वाट बघू नका :

– छातीत किंवा वरच्या पोटात आवळल्यासारखं, दाबल्यासारखं दुखणं. सोबत घाम, धाप, जबड्यात-खांद्यात-हातात कळ. चाळिशी ओलांडलेले, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, तंबाखू खाणारे यांनी विशेष जपावं. मधुमेह्यांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती मळमळ, थकवा, घाम एवढंच होऊ शकतं.

– बेंबीपाशी सुरू होऊन खाली उजवीकडे सरकलेलं दुखणं, सोबत ताप किंवा उलट्या. हे अपेंडिक्स असू शकतं.

– पोट दगडासारखं कडक होणं, हिरवी उलटी, शौच आणि वारा दोन्ही बंद.

– गरोदर बाईच्या किंवा पाळी चुकलेल्या बाईच्या पोटात अचानक कळ.

– काळी, डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी.

जुलाब लागले असतील तर ओवा शोधण्याआधी ओआरएसची पुडी शोधा. जुलाबात माणूस पोटदुखीने मरत नाही, पाणी आणि क्षार गेल्याने मरतो.

मग ओवा वापरायचा कसा?

मोठ्या माणसाने पाव ते अर्धा चमचा ओवा, चिमूटभर मिठाबरोबर, नीट चावून. रक्तदाब असेल तर मीठ वगळा. छातीत नेहमी जळजळ होत असेल किंवा तोंड आलं असेल तर ओवा टाळा, तो आणखी चुरचुरतो. गरोदरपणी पराठ्यात, पुरीत, भजीत जेवढा पडतो तेवढा ठीक. औषध म्हणून मुठीने नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला ओव्याचं पाणी नको आणि घुटीही नको. फक्त आईचं दूध. ओवाफुलाचे स्फटिक पोटात घ्यायचेच नाहीत आणि कातडीला थेट लावायचे नाहीत, ते कातडी भाजतात. दातदुखीवर कापसात स्फटिक धरून ठेवणाऱ्यांच्या हिरड्या सोललेल्या मी पाहिल्या आहेत.

आज एक काम करा. घरात अमृतधारेची, कापराची किंवा ओवाफुलाची बाटली-पुडी असेल ती शोधा. खाटेच्या उशाशी असेल, देवघरात असेल, शिलाई मशीनच्या खणात असेल. तिच्यावर चिठ्ठी चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहा : "पोटात घ्यायचं नाही." मग लेकराचा हात पोचणार नाही अशा फडताळात, वरच्या फळीवर ठेवा. ओव्याचा डबा मात्र खाली, हाताशीच राहू द्या. त्याची जागा तीच आहे.

काळजी घ्या.